तोंड डोंगराकडे, पाठ जगाकडे

हरिहर किल्ल्याच्या जिन्यावर लेन एकच आहे आणि वाहतूक दुतर्फा. सिग्नल नाही, पोलीस नाही, हॉर्न वाजवून उपयोग नाही. तरीही नाशिकच्या सीबीएस चौकात कधी दिसली नाही एवढी शिस्त तिथे दिसते. नियम मोडला तर काय होईल हे सांगायला तिथे फलक लागत नाही. मान वळवून खाली पाहिलं की झालं.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर, तिथून खोडाळ्याच्या रस्त्याने निरगुडपाडा, आणि समोर साधारण ११२० मीटर उंचीचा काळा ठोकळा. त्याच्या एका अंगावर कातळात कोरलेल्या शंभरावर पायऱ्या, अगदी अंगावर येणाऱ्या. प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना बोटं अडकवायला खोबण्या. ज्याने कुणी त्या कोरल्या त्याला माणसाच्या शरीराची नीट माहिती होती आणि माणसाच्या भित्रेपणाची त्याहून नीट. चढताना हे सगळं सोपं जातं. नजर पुढच्या पायरीवर असते, त्या पायरीवर पुढच्याची टाच असते, आणि टाचेकडे बघून कुणाला चक्कर आल्याचं ऐकिवात नाही. वर गेलं की मारुती, महादेव, तळं, दारूकोठाराची दगडी इमारत, दूरवर वैतरणेचं पाणी, शेजारी भास्करगड, पलीकडे ब्रह्मगिरी. मग झेंडा, मग घोषणा, मग फोटो. अकराच्या सुमाराला कुणीतरी घड्याळ बघून म्हणतं, "चला, निघू या." आणि पन्नासेक माणसांच्या एकाच वेळी लक्षात येतं की गडावर यायची तयारी आपण महिनाभर केली, जायची केलेलीच नाही.

हा दोष त्या पन्नास जणांचा नाही. डोंगराबद्दल आपण जे काही बोलतो, लिहितो, छातीवर छापून मिरवतो ते सगळं चढण्याबद्दल असतं. ग्रुपवर येणाऱ्या निमंत्रणात चढाईची श्रेणी लिहिलेली असते, पोहोचण्याची वेळ असते, वर काय बघायचं त्याची यादी असते. परतीबद्दल एकच ओळ: "दुपारी गड उतरून जेवण." दुपार, गड आणि जेवण यांच्यामध्ये 'उतरून' हे क्रियापद असं गुपचूप बसवलेलं असतं, की वाचणाऱ्याला वाटावं, ते जेवणाच्या वासाने आपोआप होईल.

आमच्या सोसायटीतले एक काका यंदा प्रथमच आले होते. बँकेतून निवृत्त, रोज गोदापार्कात फेऱ्या, रक्तदाब उत्तम. त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या होता. तो पुण्यात आयटीत आहे, त्यामुळे त्याच्या हातात दोन काठ्या, मनगटावर घड्याळ आणि तोंडात इंग्रजी होतं. चढताना काका सगळ्यांच्या पुढे. "अरे, हे तर आपल्या सप्तशृंगीसारखंच आहे," असं ते दर दहा पायऱ्यांनी मागे वळून सांगत होते. सप्तशृंगीला २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली आहे आणि काका तेव्हापासून ट्रॉलीनेच जातात, याची त्यांना आठवण करून देण्याएवढा दम मागच्या कुणातच नव्हता.

उतरायची वेळ आली तेव्हा पुतण्याने घड्याळात बघून जाहीर केलं, "काका, चढायला दीड तास लागला. म्हणजे उतरायला पाऊण."

या हिशोबाचं मूळ जुनं आहे. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सूत्र मांडलं: दर तीन मैलांना एक तास धरा आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास मिळवा. जगभरचे डोंगरवाले अजून हे सूत्र वापरतात. त्यात उताराचा उल्लेखच नाही. नेस्मिथसाहेब बहुतेक वरच राहत असावेत. पुढे लँगमुइर नावाच्या दुसऱ्या गृहस्थाने ती उणीव भरून काढली. उतार सौम्य असेल तर दर तीनशे मीटरला दहा मिनिटं कमी करा, असं त्याने सांगितलं, आणि उतार तीव्र असेल तर तेवढीच दहा मिनिटं वाढवा. पुतण्याच्या घड्याळाला लँगमुइर ठाऊक होता की नाही कोण जाणे. हरिहरला मात्र तो पाठ असावा.

हरिहरचा जिना उतरायची एकच सभ्य पद्धत आहे: तोंड डोंगराकडे, पाठ जगाकडे, हात खोबणीत, आणि उजवा पाय खाली सोडून चाचपडत राहायचं. ही पद्धत आपण वर्षाचे असताना पलंगावरून उतरण्यासाठी स्वतःच शोधून काढलेली असते. मग पायाने जमीन चाचपायची ती विद्या आपण साठ वर्षं विसरून जातो आणि एका रविवारी, अनोळखी दोनशे लोकांसमोर, तिची उजळणी करावी लागते. काकांनी सुरुवातीला ती साफ नाकारली. "मी डोंगराला पाठ दाखवून खाली तोंड करूनच उतरणार. लहानपणापासून जिने उतरतोय." तीन पायऱ्या उतरले, समोर काहीच नाही हे पाहिलं, खाली बसले, आणि पुढचे काही क्षण त्यांनी फक्त श्वास घेतला. नंतर ते जे वळले ते थेट माचीपर्यंत कातळाकडेच तोंड करून होते. उभ्या आयुष्यात एखाद्या दगडाचं इतकं जवळून निरीक्षण त्यांनी केलं नसेल. मध्येच म्हणाले, "इथे शेवाळ आहे." आम्ही म्हटलं, "हो काका." "आणि इथे मुंग्या आहेत." "हो काका." कड्याच्या मध्यावर माणसाला निसर्गाबद्दल जेवढं बोलावंसं वाटतं तेवढं पठारावर कधीच वाटत नाही.

खाली बघायचं नाही, असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत असतो. पण पाय ठेवायची जागा खालीच असल्यामुळे हा सल्ला पाळता येत नाही. मग मधला मार्ग निघतो. खालचा माणूस वरच्याचा पाय धरून खोबणीत नेऊन ठेवतो. त्या कड्यावर एकमेकांची जातपात, पगार, पक्ष काहीही न विचारता लोक परक्या माणसाचे पाय धरत असतात. विठोबाच्या देवळाबाहेर पायांना एवढा मान क्वचितच मिळत असेल.

आणि त्याच वेळी खालून वर येणारे भेटतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "काका, अजून किती आहे?" उतरणाऱ्यांचं उत्तरही ठरलेलं: "झालंच. दहा मिनिटं." हे उत्तर खरं असायची गरज नसते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गडावर, कुठल्याही पायरीवर, कुठल्याही वयाच्या माणसाला शिखर दहा मिनिटांवरच असतं. तसं सांगितलं नाही तर तो माणूस तिथेच बसेल, आणि तो बसला तर मागची रांग थांबेल, आणि रांग थांबली तर आपल्याला खाली जाता येणार नाही. डोंगरातली परोपकारी वृत्ती बरीचशी अशी वाहतुकीच्या गरजेतून आलेली आहे. मधल्या कमानीच्या दरवाजाशी, शेंदूर लावलेल्या गणपतीजवळ जरा जागा असते. तिथे चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की एकदम गप्प होतात. चढणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्साह असतो, उतरणाऱ्याच्या चेहऱ्यावर अनुभव. दोघांनाही एकमेकांची दया येत असते. तिथली माकडं दोघांकडेही समान दृष्टीने बघतात, म्हणजे हातातल्या पिशवीकडे.

खरं म्हणजे उतरण्याचं आपल्याला वावडं असायला नको होतं. आपल्या इतिहासातले थरारक प्रसंग निवडून काढले तर निम्मे खाली जाण्याचेच निघतील. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरलेली हिरकणी अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. ती दूध घेऊन गड चढली होती, पण त्यासाठी तिला कुणी बुरूज दिला नाही. बुरूज मिळाला तो उतरली म्हणून. १६६० च्या जुलैमध्ये भर पावसात, रात्रीच्या अंधारात महाराज पन्हाळा उतरले. त्या उतरण्यावर पुढचं सगळं उभं आहे. आणि १६७० मध्ये सिंहगडावर, तानाजी पडल्यावर मावळे माघारी फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकल्याचं सांगतात. एरवी माणूस बोलण्याने ऐकत नाही, पण उतरायची सोयच काढून घेतली की लगेच शूर होतो, ही गोष्ट सूर्याजीला नेमकी कळलेली होती. काकांच्या बाबतीत तो उपाय आमच्याही मनात आला होता. पण दोर नव्हता.

इंग्रजांना हे आपल्यापेक्षा जास्त उमगलं असावं. १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडल्यावर हरिहरही त्यांच्याकडे गेला. पुन्हा कुणी गडावर जाऊन बसू नये म्हणून त्या काळात सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या. इगतपुरीजवळच्या अलंग आणि मदनवर त्याचे व्रण अजून दिसतात. तिथे आता दोर लावल्याशिवाय ना वर जाता येतं ना खाली. हरिहरच्या पायऱ्या मात्र वाचल्या. कॅप्टन ब्रिग्ज त्या पायऱ्या बघून इतका थक्क झाला की त्याने त्यांना हात लावला नाही, अशी कथा आहे. मला वेगळीच शंका येते. साहेब वर गेला असणार, आणि मग त्याच्या लक्षात आलं असणार की सुरुंग लावून झाल्यावर आपल्यालाही उतरायचं आहे.

आल्प्समध्ये तरी याहून शहाणपण असेल असं वाटतं. पण १४ जुलै १८६५ ला मॅटरहॉर्नचं शिखर प्रथम सर झालं तेव्हा वर पोहोचलेल्या सातांपैकी चौघे उतरताना कोसळले. एक जण घसरला, त्याने आणखी तिघांना ओढलं, दोर तुटला. शिखरावर पोहोचून अजून फार वेळही झाला नव्हता. नवल म्हणजे त्याच १८६५ मध्ये आपल्याकडे थळ घाटातून, म्हणजे कसाऱ्याच्या घाटातून, इगतपुरीपर्यंत रेल्वे आली. दर ३७ फुटांमागे एक फूट चढ. आजही इगतपुरीकडे चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात आणि सगळे प्रवासी खिडकीतून कौतुकाने बघतात. उतरणाऱ्या गाडीची काळजी मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तिचे ब्रेक तपासून घेतलेले असतात, वेग बांधून दिलेला असतो, आणि चुकून ती सुटलीच तर तिला चढावर वळवून थांबवण्यासाठी बाजूला वेगळे रूळ टाकलेले असतात. सकाळच्या पंचवटीने मुंबईला जाणारे नाशिककर रोज त्या उतारावर निवांत डुलक्या काढतात. रेल्वेने उतरण्याचा जेवढा विचार केलाय तेवढा आमच्या ट्रेकच्या आयोजकाने केला असता तर त्याने काकांसाठी एक बाजूचा रूळ नक्की ठेवला असता.

शरीराचं शास्त्रही उताराच्या विरोधात आहे. चढताना मांडीचे स्नायू आकसत काम करतात. त्याने दम लागतो, घाम येतो, पण स्नायूंचं फारसं बिघडत नाही. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात, दर पावलाला ब्रेक लावत. त्यामुळे स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. गंमत अशी, की ती तिथल्या तिथे कळतच नाही. उतरताना दम लागत नाही, म्हणून माणसाला वाटतं, चला, सोपं निघालं. बिल दुसऱ्या दिवशी येतं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी थकबाकीसह. एक दिलासा आहे: एकदा हे भोगलं की पुढचे काही आठवडे स्नायू सावध राहतात आणि तेवढाच उतार पुन्हा उतरलं तर दुखणं बरंच कमी होतं. म्हणजे उपाय एकच, लगेच परत जाणं. तो सुचवून बघा कुणाला.

पण उतरण्याबद्दलचा शेवटचा शब्द ज्या माणसाचा, तो योगायोगाने हरिहरलाच येऊन गेला होता. डग स्कॉट. नॉटिंगहॅमचा. १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य कड्यावरून शिखर गाठणाऱ्या पहिल्या दोघांपैकी एक. दोन वर्षांनी, १३ जुलै १९७७ ला, तो आणि ख्रिस बॉनिंग्टन काराकोरममधल्या ओगर या ७२८५ मीटरच्या शिखरावर पोहोचले. तिथवर आधी कुणीच पोहोचलं नव्हतं. वर पोहोचून झालं आणि उतरायला सुरुवात केल्या केल्या, दोरावरून खाली येताना स्कॉटचा पाय बर्फावरून सटकला, तो झोक्यासारखा कड्यावर आदळला आणि दोन्ही पाय घोट्याजवळ मोडले. तिथून खालचा तळ काही दिवसांच्या वाटेवर होता आणि मध्ये वादळ. हा गडी गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत उतरला. मध्येच बॉनिंग्टनच्या बरगड्या मोडल्या. मो अँथॉइन आणि क्लाइव्ह रोलंड या साथीदारांनी वाट काढली, आणि आठवडाभराने सगळे जिवंत खाली आले. त्या शिखरावर पुन्हा माणूस पोहोचायला २००१ साल उजाडावं लागलं. मधल्या चोवीस वर्षांत अनेकांनी प्रयत्न केले. बहुतेक स्कॉटची उतरण्याची हकिकत वाचूनच निघाले असावेत.

तोच स्कॉट १९८६ मध्ये हरिहरला आला आणि त्याने गडाचा सुमारे १७० मीटरचा सरळसोट कडा चढून दाखवला. त्याला दोन दिवस लागले. त्या कड्याला तेव्हापासून 'स्कॉटिश कडा' म्हणतात. स्कॉट इंग्लंडचा, पण आपल्याकडे आडनाव हा पत्ता असतो, त्यामुळे त्याला परस्पर स्कॉटलंडला पाठवण्यात आलं. मी हे सगळं काकांना जिन्याच्या खालच्या टप्प्यावर सांगितलं, थोडा धीर यावा म्हणून. काका कातळाला गाल टेकून ऐकत होते. म्हणाले, "दोन्ही पाय मोडलेले?"

"दोन्ही."

"मग गुडघे चांगले होते त्याचे," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात स्पष्ट हेवा होता.

जिना संपला की लोकांना वाटतं, सुटलो. इथून पुढचा उतार साधा, दिसायला तर अगदी गरीब. पण त्यावर घसारा असतो. मुरमाचे बारीक खडे असे पसरलेले असतात, की बुटाच्या तळाला आणि जमिनीला एकमेकांशी बोलू देत नाहीत. जिन्यावर घाबरून जपून उतरलेली माणसं इथे बिनधास्त चालतात आणि धडाधड बसतात. हरिहरच्या पायऱ्यांवर पडलेला मी कुणी पाहिला नाही. खालच्या साध्या वाटेवर मात्र दर वळणाला एक जण पँट झटकताना दिसतो. पुतण्या तिथेच बसला, दोन्ही काठ्यांसह. घड्याळाने लगेच विचारलं की तुम्ही पडला आहात का, मदत हवी का. ते इंग्रजीत विचारत होतं आणि ऐकायला फक्त काका जवळ होते. काका म्हणाले, "त्याला सांग, बसलाय."

त्याच वाटेवर गावातल्या एक मावशी मागून आल्या. गडावर लिंबू सरबत विकतात त्या. डोक्यावर रिकामा कॅन, काखेत पिशवी, पायात रबरी चप्पल, तीही एका अंगठ्याजवळ शिवलेली. सकाळी भरलेला कॅन घेऊन त्या वर गेल्या होत्या, आता खाली चालल्या होत्या, आणि खाली जाणं हे त्यांच्या दिवसातलं एक किरकोळ काम होतं. काका बाजूला झाले. हात जोडून म्हणाले, "मावशी, रोज उतरताना भीती नाही वाटत?"

"वाटती ना," मावशी न थांबता म्हणाल्या. "एस्टी चुकंल याची."

निरगुडपाड्याला पिठलं-भाकरी खाताना काका खुर्चीवर बसले ते बसले. उठायची वेळ आली तेव्हा त्यांना दोघांनी उचललं. घरी पोहोचल्यावर त्यांनी ग्रुपवर शिखरावरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "सुंदर अनुभव. उतरणं तर काहीच नाही." शंभरावर अंगठे आले.

मंगळवारी सकाळी लिफ्ट बंद होती. काका चौथ्या मजल्यावर राहतात. मी खाली वर्तमानपत्र घ्यायला गेलो होतो आणि परत येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थबकलो. काका जिना उतरत होते, कठडा दोन्ही हातांनी धरून, तोंड भिंतीकडे आणि पाठ माझ्याकडे करून, उजव्या पायाने खालची पायरी चाचपत. हे वेडेपण नाही. दुखऱ्या मांड्यांना उलटं उतरणं खरोखरच हलकं जातं. माझ्या मागून पहिल्या मजल्यावरच्या वहिनी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन, गच्चीवर वाळत घातलेले पापड बघायला निघाल्या होत्या. जागा एकाचीच. त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, धापा टाकत म्हणाल्या, "काका, अजून किती आहे हो?"

भिंतीवरून नजर न काढता काका म्हणाले, "झालंच. दहा मिनिटं."